तिसऱ्या ‘नको’पर्यंत

आमचे मँचेस्टरचे घरमालक कचऱ्याचे डबे रस्त्याकडेला ठेवायलासुद्धा टाय लावून जायचे. खाली पायजमा, पायात स्लिपर, वर पांढरा शर्ट आणि गळ्याशी घट्ट आवळलेला निळा टाय. मी नवा नवा भाडेकरू होतो, तेव्हा न राहवून विचारलं होतं, “काका, बिन बाहेर काढायला टाय?” ते गंभीरपणे म्हणाले, “समोर माणसं राहतात रे. त्यांना खिडकीतून मी दिसतो. पायजम्याचं काय, तो कुंपणाच्या हेजमागे जातो.”

मी त्यांना काका म्हणायचो. माझी बायको मुग्धाही काकाच म्हणायची. त्यांचं खरं नाव इथे लिहायचा मला धीर होत नाही. का होत नाही, ते वाचताना कळेल.

काका मूळचे मिरजेचे. ऐन तारुण्यात इकडे आले आणि रिटायर होईपर्यंत लिफ्ट दुरुस्त करत राहिले. मूलबाळ नव्हतं. काकू मी येण्याच्या आधीच गेल्या होत्या. शहरातल्या कुठल्याही इमारतीचं नाव काढा, काकांना तिथली माणसं नाही, लिफ्ट आठवायची. “त्या हॉस्पिटलची दोन नंबरची ना? आळशी आहे. तिसऱ्या मजल्यावर थांबून विचार करते.” ट्रॅमने टाउनमध्ये गेलो की दुकानात शिरायच्या आधी ते लिफ्टमध्ये शिरायचे, डोळे मिटून एक फेरी मारायचे आणि बाहेर येऊन निकाल सांगायचे. मी शेजारी उभा राहून आपण या गृहस्थांना ओळखतच नाही असा चेहरा करायचो. तो चेहरा मला छान जमायचा.

पण टाय आणि लिफ्ट हे वरवरचं झालं. काकांचा खरा विक्षिप्तपणा त्यांच्या ‘नको’मध्ये होता.

मी त्यांच्या वरच्या खोलीत राहायला गेलो त्याच आठवड्यात आईने दिलेल्या चिवड्याचा डबा घेऊन खाली आलो. “काका, चिवडा घ्या.” “नको नको.” मी म्हटलं बरं, आणि डबा घेऊन वर गेलो. पुढचे चार दिवस काका माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. मला वाटलं, बाथरूममध्ये केस राहिले असतील. वर्षभर हे असंच चाललं. मी विचारायचो, ते नको म्हणायचे, मी ऐकायचो, आणि घरात विनाकारण थंडी पडायची. मग माझं लग्न झालं, मुग्धा आली, आणि पहिल्याच संध्याकाळी तिने त्यांना शिरा विचारला. नको म्हणाले. “अहो काका, थोडा घ्या.” नको गं. “मी पहिल्यांदाच केलाय या घरात, आता घ्यायलाच हवा.” काकांनी वाटी पुढे केली आणि दोनदा घेतला. मी बघतच राहिलो. वर्षभर जे माझ्या डोक्यात शिरलं नाही, ते या बाईने विमानतळावरून आल्या आल्या ओळखलं.

त्यावरून मी त्यांना पुष्कळ छळलं. “काका, पहिल्या फटक्यात हो म्हणायला काय होतं तुम्हाला? इकडे लोक एकदाच विचारतात. उपाशी मराल.” एका रविवारी ते चिडले नाहीत, समजावून सांगायला बसले. “हे बघ. पहिला नको हा विचारणाऱ्यासाठी असतो. त्यानं उगाच, रीत म्हणून विचारलं असेल, तर त्याची सुटका होते. दुसरा नको आपल्यासाठी. आपल्याला खरंच हवंय की नुसती हाव सुटली, ते बघायला. आणि तिसऱ्यांदा कुणी विचारलं, तर ते मनापासून. मग नाही म्हणणं हा माज.”

मी हसलो आणि म्हणालो, “म्हणजे लिफ्टचं बटण तीनदा दाबायचं.” तेही हसले. हे सगळं मला नीट कळलं होतं हो. तिथेच तर घोडं पेंड खातं.

त्यांच्याकडे मी एकूण सात वर्षं राहिलो. मग मला साउथहॅम्प्टनला नोकरी मिळाली, मुग्धाला तिथल्या हॉस्पिटलच्या फार्मसीत जागा मिळाली, आणि आम्ही तिकडे घर घ्यायचं ठरवलं. त्याच हिवाळ्यात काका जिन्यावरून पडले. फार लागलं नाही, पण त्यांच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, आता एकट्याने राहू नका. घर बघायला गेलो तेव्हा मुग्धा खालच्या मजल्यावरच्या एका खोलीत बराच वेळ उभी होती. बागेत दार उघडत होतं. “ही काकांची,” ती म्हणाली. मी म्हणालो, “बघू.”

जायच्या आधी लग्नाच्या वाढदिवसाचं निमित्त करून तिने ग्रीसच्या एका बेटावरचं रिसॉर्ट बुक केलं. असलं महाग की वेबसाइटवर फोटोच जास्त, माहिती कमी. दोन खोल्या बुक केल्या. “काकांना न्यायचं. जन्मभर त्या माणसानं लोकांना वर पोचवलं, स्वतः कुठे गेला? ब्लॅकपूलची चौपाटी आणि मिरज.” मग माझ्याकडे बोट करून, “आणि तिथे निवांत बसून तू त्यांना साउथहॅम्प्टनचं विचारायचंस. मी नाही विचारणार, मी रडेन आणि ते दयेनं हो म्हणतील. तू विचार. तीनदा. कळलं?” कळलं, म्हणालो.

ग्रीसला यायलाही त्यांनी अर्थातच तीनदा विचारून घेतलं. पहिला नको शुक्रवारी: मला काय करायचंय तिकडे. दुसरा शनिवारी: तुमच्यात कशाला मी. रविवारी मुग्धा कमरेवर हात ठेवून उभी राहिली, तेव्हा म्हणाले, “एवढं म्हणतेस तर…” आणि आतून बॅग घेऊन आले. भरलेली. कुलूपसुद्धा लावलेलं होतं.

ब्रोशरमध्ये समुद्र दाखवतात तसला निळा समुद्र कुठे नसतो, अशी माझी पक्की खात्री होती. होता. रिसॉर्ट कड्यावर होतं, खाली त्यांचा खासगी किनारा, आणि वरून खाली जायला काचेची लिफ्ट. लिफ्ट दिसली आणि मी माझा तो ‘ओळखतच नाही’ चेहरा तयार ठेवला.

पण त्याआधीच रिसेप्शनवर गंमत झाली. एक मुलगी थंडगार सरबताचे ग्लास घेऊन आली. काका म्हणाले, “नो, नो, थँक यू.” ती गोड हसली आणि ट्रे घेऊन गेली. ट्रे दिसेनासा होईपर्यंत काका बघत होते. असल्या हॉटेलात शिक्षणच ते देतात, पाहुण्याने नको म्हटलं की पुन्हा त्रास द्यायचा नाही. कॉफी? नो. टॉवेल? नो. छत्री उघडू? नो. सगळे अदबीने झुकायचे आणि निघून जायचे. सकाळी बुफेला शंभर पदार्थ मांडलेले, आणि काका टेबलावर टाय लावून बसलेले, कारण हातात ताट घेऊन रांगेत उभं राहणं त्यांना पंगतीत स्वतःच वाढून घेण्यासारखं वाटायचं. मुग्धाच ताट भरून आणायची आणि आग्रह करायची. बाजूच्या टेबलावरच्या इंग्लिश बाईला वाटलं, सून सासऱ्यावर जबरदस्ती करतेय. ती माझ्याकडे डोळे वटारून बघायची.

दुसऱ्या दिवशी काका लिफ्टमध्ये गेले ते बाहेर येईनात. खाली, वर, खाली, वर. काचेला कान लावून उभे. सुट्टीवर आलेली माणसं पोहण्याच्या कपड्यांत ताटकळत होती. मॅनेजर माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, “सर, तुमचे वडील ठीक आहेत ना?”

“ते माझे वडील नाहीत,” मी म्हणालो.

वाक्य खरंच होतं. पण किती घाईने म्हणालो मी ते! मागे वळलो तर काका लिफ्टमधून बाहेर पडत होते. ऐकलं की नाही, देव जाणे. मॅनेजरला म्हणाले, “तुमच्या लिफ्टचा डावा रूळ कोरडा पडलाय. माणूस बोलवा.” मॅनेजरने थँक यू म्हटलं आणि काही केलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी लिफ्ट मधेच अडकली आणि आम्ही सगळे उन्हात पायऱ्या चढून वर आलो. काका वर गच्चीत बसले होते. ‘मी सांगितलं होतं’ असं एका शब्दाने म्हणाले नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर फलक लावला असता.

त्या बेटावर काकांना समजून घेणारं एकच माणूस भेटलं. रिसॉर्टच्या फाटकाबाहेर काळ्या कपड्यांतली एक म्हातारी अंजिरं आणि मध विकायला बसायची. काका सकाळी फिरायला गेले आणि तिने अंजीर पुढे केलं. काका म्हणाले, नो नो. म्हातारीने ते ऐकलंच नाही. दुसरं अंजीर काढून पुढे केलं. नो नो. मग तिने सरळ त्यांचा हात ओढला, त्यात दोन्ही अंजिरं ठेवली आणि वर पावाचा तुकडा आणि चीज. भाषेचा पत्ता नाही. ती ग्रीकमध्ये बोलायची, हे मराठीत. परत आले तेव्हा चेहरा फुललेला. “मुग्धा, ही बाई आपल्याकडची आहे गं.” मग रोज सकाळी ते तासभर तिच्याशेजारी स्टुलावर बसायचे, टाय लावून. तिसऱ्या दिवशी ते गिऱ्हाइकांना अंजिरांचा आग्रहही करायला लागले. माणसं बावचळून विकत घ्यायची. म्हातारीचा धंदा वाढला असावा.

आणि एक दिवस मुग्धाने त्यांना समुद्रात नेलं. तीनदा विचारून, अर्थात. बूट-मोजे काढून नीट जोडीने ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, टाय तसाच. पाण्यात गुडघाभर उभे राहिले आणि बाहेर यायला तयार होईनात. मी किनाऱ्यावरून हाक मारली, “थंड आहे का काका?” ते म्हणाले, “नाही रे. उगाच लांब राहिलो इतकी वर्षं.” मग थोड्या वेळाने, समुद्राकडेच बघत मुग्धाला म्हणाले, “ब्लॅकपूलला तुझी काकू म्हणाली होती, पाण्यात येता का. मी नको म्हटलं. ती कोल्हापूरची, एकदाच विचारायची. गेली आपली एकटी.”

मुग्धाने माझ्याकडे पाहिलं. उद्या सकाळी विचार, असा त्या बघण्याचा अर्थ होता.

शेवटची सकाळ. मुग्धा खोलीत बॅगा भरत होती. काका आणि मी गच्चीत बसलो होतो, समोर कॉफी. मी विषय काढला. म्हणालो, “काका, साउथहॅम्प्टनचं घर मोठं आहे. खाली एक खोली आहे, बागेत दार उघडतं. तुम्ही आमच्याकडे राहायला चला.”

“छे छे,” काका म्हणाले. “नको रे. तुमचा नवा संसार, त्यात मी कुठे? माझं बरं चाललंय.”

आणि ते थांबले. पहिल्या नकोनंतर ते नेहमी थांबायचे. दुसरीकडे बघायचे, टायची गाठ चाचपायचे, विचारणाऱ्याला वेळ द्यायचे. तसेच थांबले. खाली एक बोट चालली होती, तिच्याकडे बघत राहिले.

मी बोललो नाही. सात वर्षं मी दुसऱ्याच्या घरात दबकून चाललो होतो. जिना वाजू नये म्हणून कडेने चढलो होतो, रात्री फ्लश करायचा की नाही याचा विचार केला होता. मला माझं घर हवं होतं. दूध ओट्यावर तसंच ठेवून झोपता येईल असं. आणि काका नको म्हणाले तेव्हा, खोटं कशाला बोलू, माझा जीव भांड्यात पडला.

“बरं,” मी म्हणालो. “तुमची मर्जी. विचार करा.”

“हो हो,” काका म्हणाले. त्यांनी टायवरून हात काढला. मग त्यांनीच मला विचारलं, “तिकडे ऊन बरं असतं म्हणे, मँचेस्टरपेक्षा?” आणि मी साउथहॅम्प्टनच्या हवेबद्दल चांगली दहा मिनिटं बोललो.

खोलीत गेलो तर मुग्धा दारातच उभी. “काय म्हणाले?”

“नको म्हणाले.”

“तीनदा विचारलंस?”

“तीनदा,” मी म्हणालो. “अगदी हट्टाला पेटलेत.”

ती पलंगावर बसली आणि रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. अजून काय लिहू?

आम्ही साउथहॅम्प्टनला गेलो. खालच्या खोलीत मी माझं वर्क फ्रॉम होमचं टेबल टाकलं. वर्षभरात काका पुन्हा पडले, या वेळी खुब्याचं हाड मोडलं, आणि हॉस्पिटलमधून त्यांना मँचेस्टरच्याच एका केअर होममध्ये हलवलं. मुग्धा म्हणाली, आता तरी आणू या. फोनवर तिने स्वतः विचारलं. पण तोवर फार उशीर झाला होता. ते म्हणाले, “आता तुझ्या घरी येऊन आजारीच पडायचं ना गं.” हा नको वेगळा होता, तो तिलाही कळला.

मी भेटायला गेलो ते तीन-चार वेळा. प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा बारीक दिसायचे. टाय मात्र होता, व्हीलचेअरमध्येसुद्धा. एकदा मी बसलेलो असताना चहाची ट्रॉली आली. केअरर मुलगी प्रेमळ होती, सगळ्यांनाच ‘लव्ह’ म्हणायची. “कप ऑफ टी, लव्ह?” काका म्हणाले, “नो, नो.” तिने मान हलवली आणि ट्रॉली पुढे ढकलली. काका ट्रॉलीकडे बघत होते. मी तिच्या मागे धावलो, तिला समजावून सांगितलं, यांना तीनदा विचारा, पहिले दोन नको खरे नसतात. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, “त्यांनी नको म्हटलं तर आम्हाला ते मानावं लागतं, लव्ह. त्यांचा हक्क आहे तो.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. मी स्वतः कप भरून नेला. काका म्हणाले, “नको रे.” मी म्हणालो, “घ्या.” “नको.” “घ्या हो काका, घ्या.” त्यांनी कप घेतला, आणि मला म्हणाले, “शिकलास की तू.”

कौतुकाने म्हणाले. टोमणा असता तर मी सहन केला असता.

फेब्रुवारीत न्यूमोनियाने गेले. क्रिमेटोरियममध्ये आम्ही आठ जण होतो, त्यात दोन जुने लिफ्टवाले इंग्रज. दोघांनीही टाय लावले होते.

परत येताना मोटरवेच्या सर्व्हिसेसमध्ये कॉफीला थांबलो. भर दुपार, बाहेर पाऊस, आत मुलांचा गोंगाट. मुग्धा कागदी कपाकडे बघत म्हणाली, “आपण शिफ्ट झालो ना, त्यानंतर आठवड्याभरात मी काकांना फोन केला होता. तू घरी नव्हतास. मी विचारलं, काका, यानं खरंच तुम्हाला तीनदा विचारलं होतं का?”

मी कप खाली ठेवला.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, अगं, तीनदा काय, चारदा विचारलं त्यानं. चौथ्यांदा तर माझा हात धरला. डोळ्यांत पाणी होतं पोराच्या. मीच हट्टी, त्याला काही बोलू नकोस.”

मी काकांचा हात कधी धरला नव्हता. त्या गच्चीत नाही, सात वर्षांत नाही. जिन्यावरून पडले तेव्हासुद्धा त्यांना अँब्युलन्सवाल्यांनीच उठवलं होतं, मी फोन हातात धरून बाजूला उभा होतो.

“तू तीनदा म्हणाला होतास,” मुग्धा म्हणाली. “ते चारदा म्हणाले. आणि हात धरलास म्हणे. तू? तेव्हाच कळलं मला.”

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“त्यांनी इतकं मनापासून सांगितलं होतं. कसं खोटं पाडू?”

बाजूच्या टेबलावर कुणाचं तरी पोर रडायला लागलं.

“एकदाच विचारलं मी,” मी म्हणालो. “आणि ते नको म्हणाले तेव्हा मला बरं वाटलं.”

“माहितेय,” मुग्धा म्हणाली. “त्यांनाही माहीत होतं.”